दोन दगडांमधून

"थांबा जरा," ती म्हणाली. बाबांच्या चष्म्याची डावी दांडी उजेडाकडे धरून तिने करंगळीएवढ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत बसवलं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईच्या पर्समध्ये तो असतोच, जशी शिंप्याच्या कॉलरला सुई.

बाबा चष्म्याशिवाय गेटकडे तोंड करून उभे होते. चष्मा नसला की त्यांचा चेहरा पाण्यातून नुकतंच डोकं वर काढलेल्या माणसासारखा दिसायचा, थोडा गोंधळलेला आणि थोडा खूश.

"गेट उघडं आहे की बंद?"

"उघडं आहे."

"असू दे. आपल्याला काय त्याचं."

गेट नवं होतं. हिरवा रंग अजून बोटाला चिकटेल की काय असा चकचकीत. त्यावर 'खासगी मालमत्ता' अशी पाटी. गेटच्या डाव्या बाजूला, तारेचं कुंपण सुरू होण्याआधी, माणसाएवढे उंच दोन उभे दगड होते आणि त्यांच्यामध्ये एक फट. गुरं जाणार नाहीत, माणूस अंग तिरकं करून, आडवा होऊन जाईल, एवढीच. नदीच्या डोहाकडे जाणारी पायवाट त्या फटीतून जायची. गेट येण्याआधीपासून, कुंपण येण्याआधीपासून. एकेकाळी या उतारावर लाकूडतोड चालायची आणि तोडलेले ओंडके वरून खाली सोडायचे. म्हणून वाटेनं जाणाऱ्यानं दगडांपाशी थांबून हाक द्यायची, वरच्यांनी हात आवरायचा. लाकूडतोड थांबली. हाक राहिली.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खांदे खाली सोडले, पोटात श्वास घेतला.

"वाटेवर माणूस आहे!"

शेवटचा 'आहे' जरा बसला. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते फटीकडे बघत होते.

गेटजवळच्या खोलीतून वॉचमन बाहेर आला. लहानपणी बाबांच्या हाताखाली पोहायला शिकला होता. गावातली अर्धीअधिक माणसं शिकली होती. बाबा शाळेत खेळाचे मास्तर होते, पण मैदानापेक्षा डोहातच जास्त असायचे. वॉचमनला बेडक्या हे नाव त्यांनीच दिलं होतं आणि ते त्याच्या खऱ्या नावाला कधीच पुरून उरलं होतं.

"आलात का मास्तर? या की, गेट उघडंच आहे."

"गेट तुझ्या साहेबाच्या गाडीला. आम्ही आमच्या दारानं जातो. तू अजून मान वर काढून पोहतोस का रे?"

"आता पोहायला वेळ कुठं मिळतो, मास्तर."

"डोहाच्या काठाला नोकरी आणि पोहायला वेळ नाही. बेडूक म्हणून नाव ठेवलं ते फुकट गेलं. खांदे खाली, खांदे खाली, घसा बसला माझा ओरडून."

बेडक्या हसला. बाबा आडवे झाले आणि फटीतून पलीकडे गेले.

ती मागे थांबली क्षणभर. पूर्वी या फटीत त्यांचं पोट घासायचं. शर्टाचं तिसरं बटण कायम तुटलेलं असायचं आणि आत्या ते लावता लावता दगडांना, नदीला आणि आपल्या भावाला शिव्या द्यायची. आज शर्टाचं कापडही दगडाला लागलं नाही.

वाटेवर बाबा पुढे होते. हातातल्या कोयतीनं ते दोन्ही बाजूंच्या काटेरी फांद्या छाटत चालले होते. मधूनच थांबायचे. थांबले की झाडाकडे बघायचे, जणू त्यासाठीच थांबले आहेत.

"कोणतं झाड आहे ते?" तिने विचारलं.

"कोणतं?"

"तुम्ही बघताय ते."

"झाड आहे झालं. तू इतकी परीक्षा का घेतेस?"

त्यांच्या ओठांचा रंग तिला आवडला नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघण्याची सवय असल्यामुळे असेल, तिला नको ते आधी दिसायचं.

डोहापाशी कोणी नव्हतं. पाणी काठाला हिरवं आणि मधे काळं. एरवी बाबा चपला काढता काढताच पाण्यात असायचे. आज ते सपाट खडकावर बसले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय सोडून बसून राहिले.

"पोहत नाही?"

"पाणी गार आहे."

हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत काठावर कुडकुडणाऱ्या पोरांना ते म्हणायचे, पाणी गार नसतं, तुम्ही गरम असता. ती त्यांच्या शेजारी बसली. तिने स्वतःचे पाय पाण्यात घातले. पाणी रोजच्यासारखंच होतं.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"त्या अधिकारी बाई येऊन जाऊ देत. पुढच्या आठवड्यात येताहेत. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे."

"उद्या गेलं तर काय अडतंय?"

"तेच मी म्हणतो. एका आठवड्यानं काय अडतंय."

अधिकारी बाई वाट बघायला येणार होत्या. उताराच्या नव्या मालकाला वर घरं बांधायची होती, पर्यटकांसाठी, खाली डोह दिसेल अशी. त्याचं म्हणणं, ही वाट कधीच सार्वजनिक नव्हती. आधीचे मालक भले, त्यांनी लोकांना जाऊ दिलं, इतकंच. गावाचं म्हणणं, आम्ही कुणाला विचारून गेलोच नाही कधी. चौकशीत ठरणार होतं ते एवढंच. लोक उघडपणे, खंड न पडता आणि परवानगी न घेता जात आले असतील तर वाट सगळ्यांची. परवानगीनं जात असतील तर वाट मालकाची, आणि परवानगी तो उद्या काढूनही घेऊ शकतो. निकालापर्यंत कुणाला अडवायचं नव्हतं. निकालानंतर काय, ते त्या फटीशेजारी आणून टाकलेल्या तारेच्या भेंडोळ्यावरून कळत होतं.

"त्या दिवशी तूही ये," बाबा म्हणाले. "आणि एक ध्यानात ठेव. मालकाचा तो मॅनेजर गोड माणूस आहे. चहा देईल, खुर्ची देईल. आभार मानायचे नाहीत."

"चहा प्यायचा आणि आभार मानायचे नाहीत?"

"चहाचे मान. वाटेचे मानायचे नाहीत."

"बाबा, तुम्ही ना."

"लपून गेलो तर चोर ठरू. विचारून गेलो तर पाहुणे. मला दोन्ही व्हायचं नाहीये. मला पोहायला जायचंय."

"मग पोहा की."

बाबा हसले. पाण्यात पायांची बोटं हलवली. पण उठले नाहीत.

परत येताना दगडांपाशी पुन्हा हाक द्यायची असते. बाबा थांबले, एक हात दगडावर ठेवला.

"आता तू दे."

"मी?"

"मग काय बेडक्याला सांगू?"

"पलीकडे कोणी नाहीये, बाबा."

"म्हणून तर. सरावाला बरं."

तिने पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं. लहानपणी ओळीत उभ्या राहिलेल्या ओल्या केसांच्या पोरांमध्ये ती नुसते ओठ हलवायची. सगळ्यांचा आवाज एक व्हायचा, तिचा त्यात नसायचा. समोर कोणी नसताना आपण आहोत असं ओरडून सांगायचं, हे तिला तेव्हाही विचित्र वाटायचं. बाबांना तिचे ओठ दिसत असतील. आवाज येत नाही हेही कळत असेल. त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

"चला ना, आत्या वाट बघत असेल."

बाबांनी मान डोलावली आणि स्वतःच हाक दिली. या वेळी 'आहे' नीट आला. तिला बरं वाटलं, एवढं काही नसावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात एका बाईंच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम बसवून भिंग बदलत होती. "हे स्पष्ट, की हे?" काउंटरवरचा फोन थरथरत पुढे सरकत आला.

"निघ," आत्या म्हणाली.

"काय झालं?"

"निघ म्हणते ना."

बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत होते. एक मोजा पायात, दुसरा हातात. चष्मा डोळ्यांवर नीट बसलेला. डावी दांडी अजिबात हलत नव्हती. तिने काढताना पाहिलं.

*

भेटायला येणारी माणसं ओसरली तेव्हा मॅनेजर आला. खुर्चीच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांवर. तिला वाटलं होतं तसा तो नव्हता. तिच्याच वयाचा असेल. दाढी घाईत केलेली, हनुवटीखाली चार केस राहिलेले.

"मास्तरांशी माझं कामापुरतं भांडण होतं," तो म्हणाला. "पण माणूस म्हणून... ती हाक मला ऑफिसमध्ये ऐकू यायची. मी घड्याळ लावायचो त्यावर."

तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"माझे वडील गेले तेव्हा मी लांब होतो. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. त्यामुळे मला कळतं. तुम्हाला डोहावर जावंसं वाटत असेल."

तिने मान हलवली. वाटत होतं. दुसरं काही वाटतच नव्हतं. घरात बसलं की दोन्ही तळपायांना पाणी आठवायचं.

"कधीही जा. सकाळी, संध्याकाळी, कधीही. मी गेटवर सांगून ठेवतो, तुम्हाला कोणी अडवणार नाही. चौकशीचं काय व्हायचं ते होईल. तुमच्यासाठी आमचं गेट कायम उघडं."

तो खरंच मनापासून बोलत होता. त्याचे डोळे जरा लाल होते, आणि तिचा धंदाच डोळ्यांचा असल्यामुळे तिला ते खोटं वाटलं नाही. इतक्या दिवसांत, सावर, धीर धर, आत्याकडे बघ, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तुला कुठे जायचंय, असं कुणी विचारलं नव्हतं.

"आभारी आहे," ती म्हणाली.

दुकानात दिवसातून कितीदा तरी म्हणायची तसंच ते बाहेर पडलं. सुट्टे पैसे आणि डबी हातात देताना म्हणतात तसं. म्हटल्यावर क्षणभर काही झालं नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात कपांचा आवाज झाला. आत्या ट्रे घेऊन उभी होती आणि पुढे येत नव्हती.

मॅनेजरनं चहा घेतला, आत्याला नमस्कार केला आणि गेला.

"काय म्हणालीस तू त्याला?"

"आत्या, माणूस घरी आला होता."

"आला होता तर चहा द्यायचा. वाट कशाला देऊन टाकलीस?"

"मी काय दिलं? त्यानं स्वतःहून..."

"तेच तर." आत्या रिकामे कप पुन्हा पुन्हा एकात एक घालत होती. "माझा भाऊ शेवटपर्यंत उघड्या गेटसमोरून त्या फटीत घुसायचा. मी म्हणायचे, अरे मेल्या, दार उघडं आहे, माणसासारखा जा. बटणं लावून लावून बोटं झिजली माझी. आणि तू एका शब्दात..." तिने वाक्य सोडून दिलं. मग आत गेली, आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. भांडी मात्र वाजली नाहीत.

त्या रात्री तिला झोप लागली ती तुकड्यातुकड्यांनी. शब्द परत घेता येतो का, याचा ती विचार करत राहिली. मॅनेजरला फोन करून सांगायचं, मी आभार मानले ते मानले नाहीत असं समजा? लोक वेड्यात काढतील. कुणी ऐकलं होतं, तो, ती आणि आत्या. पण तो विसरणारा माणूस वाटत नव्हता. चांगली माणसं दिलेलं विसरत नाहीत.

आता डोहावर जायचं कसं, हा प्रश्न दुसऱ्या दिवसापासून तिच्या पायात अडकला. दुकान बंद करून ती नदीच्या रस्त्याला लागायची आणि वळणापाशी परत फिरायची. गेटमधून गेली तर पाहुणी. फटीतून गेली तरी बेडक्या सलाम करून म्हणणार, या ताई, साहेबांनी सांगितलंय. म्हणजे तरीही पाहुणी. एका भल्या माणसानं तिला नदी उघडून दिली होती आणि त्यामुळेच तिला तिथे जाता येत नव्हतं.

इतर लोकही जात नव्हते, हे तिला बेडक्याकडून कळलं.

तो दुकानात आला, वाचायचा चष्मा करायला. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, फ्रेम लावली, समोरचा दिवा पेटवला.

"खालून दुसरी ओळ वाचा."

"ताई, तुम्ही आला नाहीत."

"ओळ वाचा."

त्यानं वाचली, चुकीची. तिने भिंग बदललं.

"साहेबांनी स्वतः येऊन सांगितलंय मला. मास्तरांची मुलगी आली की विचारायचं नाही, सोडायचं. तुम्ही या ना. मी येतो सोबत हवं तर."

"बाकीचे येतात ना? मासे धरणारे गळवाले, सुट्टीला येणारी पोरं?"

"कोण येतंय." बेडक्यानं फ्रेममधूनच तिच्याकडे पाहिलं. जाड भिंगांतून त्याचे डोळे खरंच बेडकासारखे दिसत होते. "मास्तर गेल्यापासून कुणी फिरकलं नाही. परवा गळवाले काका बाजारात भेटले. म्हणाले, मास्तरांच्या मागे लगेच हुंदडायला जायचं बरं दिसत नाही. सगळ्यांनी ठरवल्यासारखं केलंय. मान राखायचा म्हणून."

तिच्या हातातलं भिंग ट्रेमध्ये पडलं. फुटलं नाही.

"आणि अधिकारी बाईंची तारीख लांबली होती, त्या आता सोमवारी येणार," ती म्हणाली.

"हो. वाटेत गवत आलंय गुडघ्याएवढं. मी कापलं असतं, पण माझी नोकरी..." तो हळू आवाजात म्हणाला, "हाक येत नाही ना, दिवसाचं काही लक्षात राहत नाही. जेवायचं विसरतो मी."

"हे स्पष्ट, की हे?" तिने विचारलं. आवाज जागेवर राहावा म्हणून विचारलं.

"दोन्ही सारखंच दिसतंय ताई," बेडक्या म्हणाला.

*

सोमवारी सकाळी आभाळ खाली आलं होतं. आत्या बरोबर आली. तिने बाबांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगात घातला होता, काटे लागतील म्हणून, असं म्हणाली. तिसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं.

अधिकारी बाई आधीच पोचल्या होत्या. पन्नाशीच्या, छत्रीची मूठ काखेत, पायात नवेकोरे बूट. चालायला लागणार म्हणून मुद्दाम घेतलेले असावेत, कारण त्या सारख्या टाच आत-बाहेर करत होत्या. मॅनेजरनं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, कुणी बसलं नव्हतं. गावातली पाचसहा माणसं रस्त्याच्या कडेला घोळक्यानं उभी होती. दोघे गळवाले काका, रविवारी डोंगरात भटकणाऱ्या दोन मुली, शाळेतले एक जुने शिक्षक. तिला बघून सगळ्यांनी नजर जरा खाली केली.

तिने दगडांकडे पाहिलं.

फटीत गवत उभं होतं. आणि दोन दगडांच्या मधोमध, चेहऱ्याच्या उंचीवर, कोळ्यानं जाळं विणलं होतं. अख्खं. एक धागा तुटलेला नव्हता. त्यावर दव बसलेलं होतं, त्यामुळे लांबूनही दिसत होतं.

अधिकारी बाई तेच बघत होत्या.

"इथून लोक जातात?" त्यांनी विचारलं.

"जातात की," एक गळवाले काका म्हणाले. "म्हणजे, मास्तर होते तोवर रोज. आता जरा... दुःख आहे ना बाई गावात."

"म्हणजे सध्या जात नाहीत."

काकांनी दुसऱ्या काकांकडे पाहिलं. दुसऱ्यांनी नदीकडे.

मॅनेजर पुढे आला. त्याचा आवाज आजही मऊ होता. "मॅडम, आमचा कुणाशी वाद नाही. आम्ही कुणाला हाकललेलं नाही. मास्तरांच्या घरच्यांना तर आम्ही आपणहून सांगितलं आहे की कधीही यावं. यांना विचारा. यांनी त्याबद्दल आभारही मानले." तो तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. उलट आपण हिची बाजूच मांडतोय असं त्याला वाटत असावं.

घोळक्यात कुणीतरी श्वास आत ओढला. आत्या शर्टाच्या बाहीचं टोक मुठीत धरून उभी होती.

"खरं आहे हे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. तीनच माणसांनी ऐकलं होतं आणि त्यातली दोन एका घरातली होती.

"खरं आहे. मी आभार मानले."

"म्हणजे त्यांनी परवानगी दिली आणि तुम्ही ती घेतलीत."

"त्यांनी दिली. ते आमच्या घरी आले होते, बाबांना जाऊन थोडे दिवस झाले होते. ते चांगलं बोलले. मी आभारी आहे म्हणाले."

"मग त्यानंतर तुम्ही किती वेळा गेलात?"

"गेले नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

"का? जायचं नव्हतं?"

तिने रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. अधिकारी बाई थांबल्या. त्यांना घाई नव्हती, किंवा बूट चावत होते.

"रोज जायचं होतं," ती म्हणाली. "वळणापर्यंत यायचे. त्यांच्या परवानगीनं गेले असते तर ती वाट बाबांची राहिली नसती. कुणाचीच नसती राहिली. म्हणून परत जायचे."

मॅनेजरनं तिच्याकडे पाहिलं. त्याला पहिल्यांदाच काहीतरी कळल्यासारखं दिसलं आणि ते त्याला आवडलं नसावं.

अधिकारी बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "ठीक आहे. वाट बघून घेऊ. चला."

बेडक्यानं गेट पूर्ण उघडलं आणि हातानं धरून ठेवलं. ते आपोआप मिटायचं, नवं होतं तरी बिजागरी तिरकी बसली होती. मॅनेजरनं हातानं आत जाण्याची खूण केली. अधिकारी बाई निघाल्या, त्यांच्यामागे शिक्षक, मग गळवाले काका, मान खाली घालून. आत्या जागची हलली नाही. ती भाचीकडे बघत होती. एरवी तिला दर दोन पावलांना काहीतरी सांगायचं असायचं.

भाची गेटकडे गेली नाही. गवत तुडवत दगडांपाशी गेली आणि उभी राहिली. जाळ्याच्या मधोमध कोळी बसला होता, पाय आवळून.

"अहो, गेट उघडं आहे," मॅनेजर म्हणाला. त्याला खरंच वाटलं की तिला दिसलं नाही.

"दिसतंय मला."

अधिकारी बाई थांबल्या. त्यांचा एक नवा बूट गेटच्या आत होता, एक बाहेर.

तिने डावा हात दगडावर ठेवला. बाबा ठेवायचे तिथे दगड गुळगुळीत झाला होता, ते तिला आज हाताला कळलं. समोर उतार होता, ओली झाडं होती, गवतात बुडालेली वाट होती. पलीकडे कोणी नव्हतं. ज्याला सांगायचं तो कोणी नव्हता. सगळे मागे उभे राहून तिच्याकडे बघत होते आणि तिच्या मानेपर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. तिने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. ओठ हलले, लहानपणी हलायचे तसे.

गळवाले काका खोकले. कुणीतरी त्यांना गप्प केलं.

तिने पुन्हा श्वास घेतला. तो वरच अडकला, गळ्याशी.

"खांदे खाली, ताई," बेडक्या म्हणाला.

हळूच म्हणाला. साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्याच वेळी त्याचा गेटवरचा हात सुटला, की त्यानं सोडला, ते कुणाला सांगता आलं नसतं. अधिकारी बाईंनी आतला पाय चटकन बाहेर घेतला आणि गेट आपल्या वजनानं कुरकुरत मिटलं.

तिने खांदे सोडले. श्वास खाली गेला, पोटात, जिथे बाबा बोट ठेवून दाखवायचे. ती आडवी झाली. जाळं गालाला लागलं, गार, ओलं, आणि तुटलं.

"वाटेवर माणूस आहे!"